सुरूच्या गाठी

दिनानाथ माझा धाकटा दीर. मी लगीन होऊन या घरात आले तवा तो सात वर्सांचा व्हता, आनि त्याचं नाक पुसायला माझाच पदर लागायचा. म्हनून मी त्याला भावजी-बिवजी म्हनत न्हाय, दिना म्हनते. माझी नात प्राप्ती हे लिहून घेते, ती विचारते, आज्जी, दिनाआजोबा लिहू का? न्हाय बाय, मी बोलते तसंच लिही. साठी उलटून गेली तरी माझ्यासाठी तो दिनाच.

आमचा गाव रेवसच्या खाली, समुद्राला लागून. माझा सासरा मिठागरात कामाला, आनि दिना बी वीस वर्सं मिठागरातच. मिठागर बंद पडलं तवा त्यानं ट्रक चालवला. ट्रक चालवून पाठ गेली तवा घरी येऊन बसला, आनि बसल्या बसल्या त्याला झाडं लावायची हौस सुटली. मिरची लावली, मेली. पपई लावली, मेली. शेवग्याची तर नुसती फांदी खोचली तरी झाड येतं. ती दिनानं खोचली आनि वाळून काठी झाली. त्या काठीनं त्याची बायको केसर अजून कोंबड्या हाकते. गाव म्हनायला लागला, दिनाचा हात मिठाचा, जिथं लागंल तिथं काय उगवायचं न्हाय. केसर तुळशीला पानी घालायला निघाली की त्याला वट्यावरच थांबवायची.

"तिथनंच पाया पडा," म्हनायची. "जवळ येऊ नका."

दिना हसायचा. पन मी त्याचं नाक पुसलेलं हाय. तो कवा खरा हसतो आनि कवा उगाच, ते मला कळतं.

मंग ते निसर्ग वादळ आलं. आमच्या किनाऱ्यावर सुरूचं बन व्हतं, जुनं, दाट. एका दुपारी सगळं आडवं. बन गेलं आनि समुद्राचा वारा थेट घरात शिरायला लागला, संगं वाळू घेऊन. भातात वाळू, पिठात वाळू, अंथरुनात वाळू. माझी कवळी नवी केलेली, ती वर्सभरात घासून गुळगुळीत झाली. दाताचा डाक्टर म्हनाला, आज्जी, तुम्ही खाता तरी काय? मी म्हटलं, किनारा.

दोन-तीन वर्सं अशीच वाळू खाल्ली. मंग एकदा गावची सभा भरली देवळात. गणराज आमच्या गावकीचा पुढारी, पूर्वी कबड्डी खेळायचा, दारातनं येताना वाकून येतो एवढा उंच. तो म्हनाला, "येत्या आषाढात पाचशे सुरूची रोपं लावायची. बाहेरच्या नर्सरीतनं ट्रक मागवतो."

मागनं दिना उठला. "बाहेरनं कशाला? मी करतो."

सगळी मुंडकी वळली. कोनतरी बोललं, "दिनाकाका, वाळूत मीठ कमी पडतंय काय?" मंग जे हसले, जे हसले! पुजारी बी हसला.

गणराज मातर हसला न्हाय. "करा काका. पन मला पाचशे पाह्यजेत, आनि हातभर उंच. कोपरापासनं बोटापर्यंत. न्हाय झाली तर मी ट्रक बोलावनार, मंग रुसायचं न्हाय."

"बोलव की ट्रक," दिना म्हनाला. "रिकामाच परत जाईल."

झालं! तिथंच अडकला. रोपं झाली न्हाईत तर मरेपर्यंत मिठाचा हात, आनि मेल्यावर बी लोक म्हननार, जरा लांब पुरा, गवत मरंल. आमच्यात जाळतात, पन बोलायला काय जातंय लोकांचं!

दसऱ्याला त्यानं बी पेरलं. उगवलं. आमी दोघी जावा तोंडात बोट घालून बघत बसलो, दिनाचं कायतरी उगवलं म्हनून. मंग पाचशे काळ्या पिशव्या भरून परसात मांडल्या, एकेका पिशवीत एकेक रोप. आनि तिथंच रोपं थांबली. बोटभर झाली आनि बसली, कावीळ झाल्यासारखी पिवळी. दिनानं शेन घातलं, चहाचा चोथा घातला, बोंबील धुतलेलं पानी घातलं. त्या पान्याच्या वासानं गावातली झाडून सगळी मांजरं आमच्या परसात राहायला आली. रोपं काय वाढली न्हाईत, मांजरं वाढली.

आता पुढचं नीट ऐक. हे झालं तवा मी पेनला लेकीकडं गेलेले, तिच्या नातवाचं बारसं व्हतं, महिनाभर राहिले. त्यामुळं मला हे काय म्हाईत नव्हतं. पन वाचनाऱ्याला आधीच सांगून टाकते, न्हायतर घोटाळा व्हईल.

झाडांचं शिकलेली एक पोरगी आली व्हती किनारा बघायला, सुचिता नाव. तिनं दिनाचं एक पिवळं रोप उपटलं, मुळं झटकली आनि म्हनाली, "काका, याला गाठी नाहीत."

"नसू देत की. चांगलंच हाय."

"नाही हो! सुरूच्या मुळांवर बारक्या गाठी पाहिजेत. त्यात जिवाणू राहतात. तुम्ही पोत्यातून युरिया टाकता ना, त्यात जे खत असतं, नत्र, ते हवेतही भरपूर आहे. पण झाडाला ते उचलता येत नाही. हे जिवाणू उचलतात आणि झाडाला भरवतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं."

"म्हंजे भाडेकरू," दिना म्हनाला.

"भाडेकरूच. पण घरमालकाला जेवायला घालणारे."

तिनं सांगितलं, जुन्या सुरूची मुळं उकरा, गाठी काढा, धुवा, ठेचा, आनि ते पानी रोपांना घाला. नळाचं पानी नको, त्यात औषध असतं, त्यानं जिवाणू मरतात. विहिरीचं घ्या. पन जुना सुरू राहिलाय कुठं? आख्ख्या गावात एक, मकसूदभाईच्या वाडीत. मकसूदभाई चाळीस वर्सं दुबईत व्हता, आता घरी बसून चिकू मोजतो. दिना कुदळ घेऊन गेला.

"मकसूदभाई, तुमच्या सुरूखाली जरा खनू काय?"

"खण. लेकिन सोना निकला तो आधा मेरा."

निघाल्या मूठभर गाठी. त्या शंभर रोपांना पुरल्या. दिनानं ती शंभर वेगळी, विहिरीजवळ मांडली. आनि हे सगळं कोनाला सांगितलं न्हाय. केसरला पन न्हाय! सभेत हसले व्हते ना, तो राग. मकसूदभाईला काय सांगितलं ठाव हाय? गुडघ्याला लावायला औषध पाह्यजे म्हनून.

मी पेनवरनं आले आनि बघते तर काय, चारशे रोपं पिवळीच, पन विहिरीजवळची शंभर हिरवीगार, दुप्पट उंच!

मी म्हटलं, "दिना! काय केलंस रे?"

त्यानं स्वतःचा तळवा उलटा-सुलटा करून बघितला. "काय न्हाय वयनी. रोज सकाळी नुसता हात फिरवतो."

मी बावळट, मी खरं मानलं. गावानं बी मानलं. लोक बघायला यायला लागले, आनि आले की दिना रोपांवर हात फिरवून दाखवायचा, डोळे मिटून. कोन मिरचीची कुंडी घेऊन यायचं, कोन लिंबाचं रोप. एक बाई तर पोट दुखतंय म्हनून तान्हं पोर घेऊन आली. दिनानं त्याच्यावर बी फिरवला! पोरानं त्याच्या सदऱ्यावर दूध काढलं आनि शांत झोपलं. झालं, गावभर बोभाटा. गणराजची आई केसरला म्हनाली, "तुझ्या नवऱ्याचा हात सोन्याचा निघाला गो." केसरनं त्या दिवशी त्याला पयल्यांदा तुळशीला पानी घालू दिलं.

आतनं मातर तो टरकलेला. चारशे रोपांचं काय करायचं? चौलपर्यंत जाऊन आला, कोनाच्या वाडीत जुना सुरू हाय का बघत. जिथं मुळं उकरली तिथं गाठी न्हाईत, न्हायतर मालकच हाकलायचा. सुचितानं फोनवर सांगितलं व्हतं, त्या शंभरातल्या थोड्या गाठी काढून ठेचा. पन त्याचा जीव व्हईना. जी जगली ती कशी उपटायची, असं तिला म्हनायचा.

माघी गनपतीला तो पालीला निघाला, दोन दिवसांसाठी. बल्लाळेश्वराला गाऱ्हानं घालायला. जाताना म्हनाला, "वयनी, त्या शंभर रोपांच्या पिशव्या लहान पडल्यात. तू आनि केसर मोठ्या पिशव्यांत घाला. जपून हां."

जपूनच केलं हो आमी. फार जपून केलं.

केसरनं पयली पिशवी फाडली, माती सुटली, आनि ती ओरडली, "बाय, हे बघा काय!"

मुळांवर गाठी. बारक्या आल्याच्या गड्ड्यासारख्या, तांबूस, मटाराएवढ्या. मी झटकन हात मागं घेतला. का, तर माझ्या मानेवर गाठ झालेली चार वर्सांमागं. अलिबागच्या डाक्टरनं काढली आनि मला म्हनाला, आज्जी, वेळेवर आलात, गाठ दिसली की थांबायचं नसतं. बाटलीत घालून दाखवली बी मला. त्या दिवसापासनं गाठ म्हटलं की मी आंधळी होते. वांग्याच्या मुळाला गाठी झाल्या की झाड बसतंच, ते तर सगळ्यांना ठाव हाय.

दुसरं रोप काढलं, गाठी. तिसरं काढलं, गाठी.

"बाय, सगळ्यांनाच लागन झाली," केसर म्हनाली. "आता वं?"

मी म्हटलं, "त्या पिवळ्यातलं एक काढून बघ."

काढलं. मुळं कशी, धुतलेल्या शेवयांसारखी साफ.

"बघ," मी म्हटलं, "गरीब हाय, पन निरोगी हाय. आनि ही मेली वरनं हिरवी, आतनं सडलेली. ही सूज हाय केसर, वाढ न्हाय. दिना यायच्या आत काढून टाकू, न्हायतर बाकीच्यांना लागंल."

बसलो दोघी जनी. मी नखानं खुडते, केसर कातरीनं कापते. शंभर रोपं, एक बी गाठ ठेवली न्हाय. दोन दिवस लागले, माझी नखं काळी झाली. गाठी फेकल्या मातर न्हाईत. डाक्टरनं मला दाखवली तशी दिनाला दाखवायची व्हती ना, केवढा रोग काढला ते कळाया नको? टोपात ठेवल्या, वर ओलं फडकं घातलं, सुकून बारीक दिसतील म्हनून.

तिसऱ्या दिवशी दिना आला, कपाळाला शेंदूर, हातात परसाद. टोप दिसला.

"आल्याचं लोनचं घालताय काय?"

"आलं न्हाय," मी म्हटलं, "रोग. तुझ्या शंभर रोपांच्या मुळांतनं काढला. एकूनएक. आता जेव निवांत."

तो टोपाकडं बघत राहिला. मंग खाली बसला. मंग परत उभा राहिला आनि परत बसला. केसर घाबरली, पानी आनलं.

"वयनी," तो म्हनाला, "त्या गाठी म्हंजेच सगळं व्हतं."

आनि मंग सांगितलं त्यानं सगळं. सुचिता, जिवानू, मकसूदभाईचा सुरू. मला तर तोंड कुठं लपवू असं झालं. पन केसरच्या डोक्यात दुसरंच शिरलं.

"म्हंजे तो हात फिरवायचात, तो?"

"तो उगाच."

"आनि ते पोर झोपलं, ते?"

"ते दूध काढून दमलं असंल."

"मी तुमाला तुळशीला हात लावू दिला!" केसर म्हनाली. "तुळस बी फसली!"

मी म्हटलं, "केसर, तुळशीचं नंतर. दिना, त्या पोरीला फोन लाव. मी बोलते, गुन्हा माझा हाय."

फोन लावला, मोठ्या आवाजात ठेवला. मी सगळं सांगितलं. पलीकडनं हुंदक्यावानी आवाज आला. मला वाटलं रडते. मंग कळलं, हसते.

"आजी, गाठी फेकल्या का?"

"न्हाय गो, टोपात हायत. ओल्या फडक्याखाली."

"ओल्या आहेत? किती आहेत?"

"अर्धा टोप भरंल."

"मग काकांना सांगा, रडू नका. आत्ताच्या आत्ता ठेचा आणि त्या चारशे रोपांना घाला! आणि ज्यांच्या काढल्या त्यांना परत येतील, मातीत जिवाणू आहेत. फक्त उशीर होईल."

"म्हंजे हे इरजन झालं!" मी म्हटलं. "चमचाभर जुनं घालायचं, नवं लागतं. अगं, हे सोपं बोलायचं सोडून जिवानू नि नत्र काय सांगत बसता? दिना, मुडद्या, तू मला इरजन म्हनाला असतास तर मी हात तरी लावला असता का?"

मंग ठेचायचं कुठं, यावर भांडन. दिना मिक्सरकडं गेला, केसर मिक्सरच्या पुढं उभी राहिली. "माझ्या चटनीच्या भांड्यात तुमचे भाडेकरू नकोत." शेवटी माझा पाटा-वरवंटा काढला. वाटल्या मीच. विहिरीच्या पान्यात कालवून, जुन्या लुगड्यातनं गाळून, आमटीच्या पळीनं एकेका पिशवीत एकेक पळी. चारशे पळ्या. त्यानंतर पंधरा दिवस आमच्या घरच्या वाटनाला मातीचा वास येत व्हता, पन जेवनात कोन काय बोललं न्हाय. मी वाढत व्हते ना.

महिना गेला, कायच न्हाय. शंभर हिरवी व्हती ती पन पिवळी पडायला लागली. दिना माझ्याशी बोलायचा, पन चहा अर्धा ठेवून उठायचा. शिमगा गेला, आनि एका सकाळी केसर परसातनं ओरडत आली, "बाय, रंग आला!" चारशेच्या चारशे, शेंड्याला हिरवी. मंग जी सुटली ती, ऊन वाढलं तशी वाढली. शंभर ती आपली मागनं लंगडत लंगडत.

आषाढात गणराज आला, संगं निम्मा गाव. सुचिता बी आली. दिनानं धुतलेला सदरा घातलेला.

गणराजनं कोपर जमिनीला टेकवलं आनि रोपाशेजारी हात उभा धरला. त्याचा हात म्हंजे होडीचं वल्हं! रोप त्याच्या बोटांच्या मुळापर्यंतच.

दिना म्हनाला, "हे न्हाय चालायचं. हातभर म्हंजे मानसाच्या हातानं."

"मंग माझा काय बैलाचा हाय?"

"माझ्या हातानं मोज." दिना बुटका, त्याचा हात धरला तर रोप चार बोटं वर गेलं.

"तुमच्या हातानं मोजलं तर कोथिंबीर बी पास व्हईल काका."

मकसूदभाई म्हनाला, "दोघांचा हात जोडा आणि अर्धा करा." केसरनं तिचा हात पुढं केला, कोन बोललं बांगड्या काढून मोजा. शेवटी सुचितानं पर्समधनं टेप काढली, पंचेचाळीस सेंटीमीटर. चारशे पास. शंभर चार बोटं कमी.

"पाचशे ठरली व्हती," गणराज म्हनाला. त्याला बी बरं वाटत नव्हतं. "शंभर बाहेरनं मागवावी लागतील." असं म्हनत त्यानं शंभरातली एक पिशवी उचलली, ती फाटली, माती पडली, आनि मुळं लोंबली.

"अरे! याला गाठी झाल्यात!"

झालं! मागनं बाया, "गाठी? वांग्याला झाल्यावानी?" कोन म्हनालं, दुसरं बघा. दुसरं बघितलं, पास झालेलं, त्याला तर मूठभर. "सगळी रोगट हायत! ही लावली तर किनारा नासंल! बोलवा ट्रक!"

मी दिनाकडं बघितलं. सुचिता बोलायला निघाली, तिला मी दाबून धरली. हे त्याचं त्यानंच बोलायला पाह्यजे व्हतं. बोलला तर रोपं वाचतील, पन सोन्याचा हात गेला. सहा महिने गाव त्याच्या हाताच्या पाया पडला व्हता, आनि आता सगळ्यांसमोर सांगायचं की ते नाटक व्हतं. त्यानं हात सदऱ्याच्या खिशात घातले, लहानपनी पेरू चोरून आला की घालायचा तसे.

"रोग न्हाय तो," तो म्हनाला. "तेच औषध हाय. माझ्या हातात काय न्हाय, कवाच नव्हतं. सगळं त्या गाठीत हाय."

आनि सांगितलं त्यानं, मकसूदभाईच्या सुरूपासनं पळीपर्यंत. मंग कोनतरी म्हनालं, "म्हंजे माझ्या लिंबावर फिरवलात, तो?" "उगाच." "माझ्या पोराच्या पोटावर?" "ते पन उगाच. पोर बरं हाय ना? मंग!"

मकसूदभाई म्हनाला, "दिनानाथ, तेरे घुटने का क्या हुआ?"

हसले, पन त्या सभेतल्यासारखं न्हाय. त्यात दिना बी हसला, आनि ते खरं हसू व्हतं. मला कळतं.

मी पुढं झाले. "ती शंभर मागं राहिली ती माझ्यामुळं. गाठी मी काढल्या. दंड करायचा तर मला करा. पन बघा, परत आल्यात त्यांना. आनि मागच्या रांगेत कशाला पाह्यजे हातभर? पुढच्या चारशेच्या आडोशाला वाढतील."

गणराजनं सुचिताकडं बघितलं. ती म्हनाली, "आजींचं बरोबर आहे. तुमच्या वाळूत तर गाठी नसलेलं रोप टिकणारच नाही. ट्रकातल्या रोपांची मुळं आधी बघून घ्यावी लागतील."

गणराजनं ते फाटक्या पिशवीतलं रोप माझ्या हातात दिलं. "मंग हे तुमीच लावा, आज्जी. पन साफ करू नका."

चार दिवसांत पाचशे लागली, चारशे पुढं, शंभर मागं. भर पावसात आख्खा गाव चिखलात. त्यातली तीस-चाळीस मेली, बाकीची उभी हायत, काय काय तर माझ्या डोक्याच्या वर गेल्यात.

आनि दिना? हात गेला, आता तोंड सुटलंय. सकाळपासनं किनाऱ्यावर उभा असतो, जो जाईल त्याला पकडतो आनि जिवानू सांगतो, वाळू उकरून गाठ दाखवतो, हवेतनं खत कसं वढतात ते हातवारे करून समजावतो. मासळीच्या बाया आता मागच्या पानंदीनं बाजाराला जातात. परवा पोस्टमन आला, त्याला अर्धा तास उभा केला. बिचारा दमून परत गेला, आनि माझ्या लेकीनं पेनवरनं पाठवलेलं पत्र त्याच्या पिशवीतच राहिलं.